चाळीस सेंट कोणी भरायचे? मिनेसोटातील सवलतीच्या शालेय जेवणाचे प्रकरण

अमेरिकेतील शालेय जेवणाच्या योजनेत मुलांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गातील मुलांना जेवण मोफत मिळते, तिसऱ्या वर्गातील मुलांचे पालक शाळेने ठरवलेली पूर्ण किंमत मोजतात, आणि या दोहोंच्या मध्ये एक वर्ग असा आहे की ज्यातील मुलांकडून दुपारच्या जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट आणि सकाळच्या न्याहारीचे जास्तीत जास्त ३० सेंट घेता येतात. हा मधला वर्ग संख्येने लहान असल्यामुळे धोरणाच्या चर्चेत तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. मिनेसोटा राज्याने २०१४ साली हे ४० सेंट स्वतःच्या तिजोरीतून भरायचे ठरवले, आणि पुढे २०२३ मध्ये तिन्ही वर्गांतील मुलांचे जेवण मोफत केले. दुसऱ्या निर्णयाचा गाजावाजा देशभर झाला, पहिल्याचा फारसा झाला नाही. मला मात्र या लेखात पहिल्या निर्णयाकडे अधिक लक्ष द्यायचे आहे, कारण थोड्या पैशांत राज्य सरकारला किती करता येते आणि त्याच पैशांत काय करता येत नाही, हे दोन्ही त्यात स्वच्छ दिसते.

मधला वर्ग कसा तयार होतो

राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी जून १९४६ मध्ये सही केली. आज या योजनेची रचना अशी आहे की शाळा जेवण बनवते आणि वाढते, आणि वाढलेल्या प्रत्येक ताटामागे वॉशिंग्टनचे केंद्र सरकार तिला ठरावीक रक्कम देते. ती रक्कम मूल कोणत्या वर्गात मोडते यावर ठरते, आणि वर्ग कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतो. केंद्राने आखलेल्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, १३० ते १८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सवलतीच्या दरात, आणि त्याहून जास्त असेल तर पूर्ण किमतीत, असा हा हिशेब आहे. २०१३-१४ या शालेय वर्षात चौघांच्या कुटुंबासाठी मोफत जेवणाची मर्यादा वर्षाला ३०,६१५ डॉलर आणि सवलतीची मर्यादा ४३,५६८ डॉलर होती. म्हणजे आई एखाद्या दुकानात आणि वडील एखाद्या गोदामात तासावर काम करत असतील, तर त्या दोघांची मिळकत बहुधा याच दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडायची, आणि थोडे जादा तास मिळाले की मूल मोफतच्या वर्गातून सवलतीच्या वर्गात जायचे.

केंद्राचा त्या वर्षाचा मूळ दर मोफत ताटामागे २ डॉलर ९३ सेंट, सवलतीच्या ताटामागे २ डॉलर ५३ सेंट आणि पूर्ण किमतीच्या ताटामागे २८ सेंट असा होता. पहिल्या दोन आकड्यांतील फरक बरोबर ४० सेंटचा आहे, आणि तो योगायोग नाही. मोफत आणि सवलतीच्या ताटाचा खर्च सारखाच धरलेला असून त्यातील ४० सेंट पालकांकडून येतील असे कायद्याने गृहीत धरले आहे. ही रक्कम आधी २० सेंट होती. १९८१ साली रेगन प्रशासनाच्या काळात अर्थसंकल्पात जी मोठी काटछाट झाली तिच्यात ती दुप्पट करण्यात आली आणि सवलतीची उत्पन्नमर्यादाही १९५ टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर खाली आणली गेली. ४० सेंटचा तो आकडा तेव्हापासून बदललेला नाही.

या तरतुदीतला एक शब्दप्रयोग पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. कायदा म्हणतो की शाळेने ‘जास्तीत जास्त’ ४० सेंट घ्यावेत. त्याहून कमी घ्यायला किंवा काहीच न घ्यायला मनाई नाही. फक्त ती तूट भरून कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो. शाळा-जिल्ह्याने, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, ती स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खात्यातून भरायची म्हटली, तर त्या खात्यात तेवढा पैसा असेलच असे नाही. राज्याने भरली तर प्रश्न मिटतो, आणि राज्याला त्यासाठी वॉशिंग्टनची परवानगीही लागत नाही.

रक्कम लहान, वसुली मोठी

४० सेंटना कोणी अडतो का, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. मिनेसोटात शालेय वर्ष किमान १६५ दिवसांचे असते. रोज ४० सेंट या हिशेबाने एका मुलाचे वर्षाला ६६ डॉलर होतात, आणि तीन मुले असतील तर १९८. घरभाडे, गाडीचा हप्ता आणि हिवाळ्यात उणे वीस अंशांवर घर उबदार ठेवण्याचे बिल भरून झाल्यावर महिनाअखेरीस ज्यांच्या खात्यात काहीच उरत नाही, त्या घरात ही रक्कम जाणवते. पण माझ्या मते रकमेपेक्षाही ती भरण्याची पद्धत जास्त अडचणीची आहे. मूल रोज खिशात ४० सेंट घेऊन जात नाही. त्याच्या नावाचे एक खाते असते, त्यात पालकांनी आगाऊ पैसे टाकायचे असतात, आणि रोजच्या जेवणाचे पैसे त्यातून वळते होतात. ऑनलाइन पैसे भरले तर सेवा पुरवणारी कंपनी अनेकदा प्रत्येक वेळी शुल्क लावते. ज्याला एकदम शंभर डॉलर टाकता येतात त्याला हे शुल्क वर्षातून एकदा-दोनदा पडते, आणि ज्याला पाच-दहा डॉलरच टाकता येतात त्याला ते पुन्हा पुन्हा पडते. खाते शून्यावर आले की उधारी सुरू होते, मग घरी पत्र जाते, फोन जातो, आणि कालांतराने थकबाकीचा आकडा मुलाच्या नावापुढे उभा राहतो.

शाळेच्या बाजूनेही या वसुलीला खर्च आहे. हिशेब ठेवणारी व्यक्ती, पत्रे, फोन, आणि वर्षाअखेरीस बुडीत रक्कम भरून काढण्याची जबाबदारी. केंद्राच्या नियमांनुसार बुडीत उधारी जेवणाच्या खात्यातून भागवता येत नाही, ती जिल्ह्याच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे शिक्षकांचे पगार आणि पुस्तके जिथून होतात त्याच पैशांतून भरावी लागते. म्हणून शाळा-जिल्हे कठोर नियम करतात, आणि त्या नियमांचा फटका ज्याने उधारी केलेली नाही त्या मुलाला बसतो.

हा फटका नेमका कुठे बसतो हे समजण्यासाठी जेवणाच्या रांगेची रचना पाहावी लागेल. मूल ट्रे उचलते आणि रांगेतून पुढे सरकत जाते. मांस किंवा त्याला पर्याय म्हणून कडधान्य, धान्याचा पदार्थ, भाजी, फळ आणि दूध अशा पाच घटकांपैकी किमान तीन त्याने घ्यावे लागतात, आणि त्यांत फळ किंवा भाजी असावीच लागते. हे सगळे ट्रेवर आल्यानंतर, रांगेच्या शेवटी, गल्ला असतो. तिथे मूल आपला क्रमांक टाकते आणि पडद्यावर त्याच्या खात्यातील शिल्लक दिसते. म्हणजे पैसे नाहीत हे कळते तेव्हा जेवण त्याच्या हातात आलेले असते, आणि एकदा ट्रेवर वाढलेले अन्न स्वच्छतेच्या नियमांमुळे दुसऱ्या मुलाला देता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे ‘जेवण नाकारायचे’ असेल, तर ते अन्न कचऱ्यात टाकण्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही. जानेवारी २०१४ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीच्या एका प्राथमिक शाळेत सुमारे ४० मुलांच्या हातातले ट्रे काढून घेऊन जेवण टाकून देण्यात आले, तेव्हा देशभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण त्यामागे एखाद्या कर्मचाऱ्याचा दुष्टपणा शोधण्यापेक्षा गल्ला रांगेच्या शेवटी आहे आणि हिशेब मुलाशी होतो, या दोन गोष्टींकडे पाहायला हवे होते.

२०१४ चा निर्णय

मिनेसोटात या विषयाला तोंड फुटले ते त्याच हिवाळ्यात. गरिबांना मोफत कायदेशीर साहाय्य देणाऱ्या ‘मिड-मिनेसोटा लीगल एड’ या संस्थेने राज्यातील शाळा-जिल्ह्यांना खात्यात पैसे नसलेल्या मुलाचे तुम्ही काय करता असे विचारले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेली उत्तरे प्रसिद्ध केली. ४६ जिल्ह्यांनी, लगेच किंवा काही दिवसांच्या मुदतीनंतर, जेवण पूर्णपणे नाकारण्याचा नियम असल्याचे कळवले होते. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जिल्हे गरम जेवणाऐवजी काहीतरी हलके, बहुतेकदा थंड चीज सँडविच, देत होते. थकबाकीची आठवण म्हणून मुलांच्या हातावर शिक्का मारण्याची पद्धतही काही ठिकाणी आढळली. हा अहवाल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने कुठल्याही एका शाळेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. नियम लेखी मागवले, मोजले आणि मांडले, एवढेच केले.

त्यातली एक विसंगती राज्याच्या कायद्यातच होती. मिनेसोटा सवलतीच्या वर्गातील मुलांच्या न्याहारीचे ३० सेंट आधीपासून स्वतः भरत असे. म्हणजे एकाच मुलाला सकाळी आठ वाजता त्याच शाळेत पोटभर न्याहारी विनामूल्य मिळत होती, आणि त्याच मुलाला चार तासांनी ४० सेंटसाठी गल्ल्यावर थांबवले जात होते. दुपारच्या जेवणासाठी राज्य प्रत्येक ताटामागे साडेबारा सेंट देत होते, पण वर्गाचा भेद न करता. गव्हर्नर मार्क डेटन यांनी आपल्या पुरवणी अर्थसंकल्पात वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलरची तरतूद सुचवली आणि विधिमंडळाने ती मान्य केली. कायद्यातली दुरुस्ती अगदी छोटी होती: मोफत आणि पूर्ण किमतीच्या ताटामागे साडेबारा सेंट पूर्ववत राहिले, आणि सवलतीच्या ताटामागे ते साडेबावन्न झाले. त्याच्या बदल्यात एक अट घातली गेली की राज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळेने मोफत आणि सवलतीच्या अशा दोन्ही वर्गांतील मुलांना जेवण विनामूल्य द्यायचे. थकबाकीची आठवण करून देताना मुलाचा पाणउतारा होईल असे काही करू नये, अशीही तरतूद त्याच वेळी आली. २०१४-१५ या शालेय वर्षापासून हे लागू झाले.

आकड्यांनी पाहिले तर या निर्णयाची कार्यक्षमता विलक्षण आहे. ३५ लाख डॉलरला ४० सेंटनी भागले की साडेसत्त्याऐंशी लाख ताटे होतात, म्हणजे १६५ दिवसांच्या वर्षात रोज ५३ हजारांच्या आसपास. राज्यात सवलतीच्या वर्गात साठ हजारांहून अधिक मुले होती, तेव्हा हा हिशेब जुळतो. राज्याचा एक डॉलर अडीच मुलांना जेवू घालत होता, कारण त्या ताटाचे उरलेले अडीच डॉलर वॉशिंग्टन देतच होते. पालकांकडून येणारा पैसा थांबला तरी शाळेचे उत्पन्न एका सेंटनेही कमी झाले नाही, आणि त्या साठ हजार मुलांपुरती वसुली, पत्रे, फोन, उधारी हे सारे एका फटक्यात संपले. सार्वजनिक पैशाचा इतका चोख उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

म्हणूनच ज्यांनी पुढे २०१४ च्या निर्णयाला अर्धवट पाऊल म्हटले, त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या राज्याच्या तिजोरीत सर्व मुलांना मोफत जेवण देण्याइतका पैसा नाही, त्या राज्याने पहिल्यांदा हेच करावे.

जे सुटले नाही

तरीही उधारी संपली नाही. सवलतीच्या वर्गाचे ४० सेंट राज्याने भरल्यावर रेषा पुसली गेली नव्हती, ती १३० टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर सरकली होती, आणि तिची उंची वाढली होती. आधी १३० टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या कुटुंबाला शून्यावरून ४० सेंटवर जावे लागे. आता १८५ टक्क्यांची मर्यादा ओलांडणारे कुटुंब शून्यावरून थेट पूर्ण किमतीवर, म्हणजे दोन-अडीच डॉलरवर जाऊ लागले. ४३,५६८ डॉलर कमावणाऱ्या घरापेक्षा ४४,००० कमावणारे घर काही सुस्थितीत नसते. शिवाय सवलत मिळण्यासाठी अर्ज भरणे भागच होते. अन्नसाहाय्य योजनेतल्या, म्हणजे ‘स्नॅप’मधल्या कुटुंबांची नावे सरकारी यादीवरूनच मोफत वर्गात जातात, पण सवलतीच्या वर्गातील बहुतेक कुटुंबे त्या यादीबाहेरची. त्यांना दर वर्षी उत्पन्नाची माहिती देणारा अर्ज भरावा लागे. कुणाला इंग्रजी येत नसे, कुणाला आपण पात्र आहोत हेच माहीत नसे, आणि स्थलांतरित कुटुंबांपैकी कित्येकांना सरकारी कागदावर घरातल्या माणसांची नावे लिहिण्याचीच भीती वाटे. अर्ज न भरलेले मूल कागदोपत्री पूर्ण किमतीच्या वर्गात पडते, मग घरात काहीही परिस्थिती असो.

या फटीत काय होत होते ते फिलँडो कॅस्टिल यांच्या गोष्टीतून कळते. ते सेंट पॉल शहरातील जे. जे. हिल मॉंटेसरी शाळेत जेवणगृहाचे पर्यवेक्षक होते. कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे त्यांच्या लक्षात असे, आणि ज्या मुलाच्या खात्यात पैसे नसत त्याचे पैसे ते स्वतःच्या खिशातून भरत. जुलै २०१६ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांची गाडी थांबवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ मध्ये उभारलेल्या निधीचे उद्दिष्ट ५,००० डॉलरचे होते, लोकांनी लाखाहून अधिक दिले, आणि सेंट पॉलमधील सर्व सरकारी शाळांतली थकबाकी त्यातून फेडली गेली. मे २०१९ मध्ये त्यांची आई व्हॅलेरी कॅस्टिल यांनी रॉबिन्सडेल कूपर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची जेवणाची थकबाकी मिटवण्यासाठी ८,००० डॉलर दिले. या माणसाचे आणि त्याच्या आईचे मोठेपण कितीही सांगितले तरी अपुरे आहे. पण लक्षात घ्यावे की हे सारे २०१४ च्या कायद्यानंतरचे आहे. राज्याने जी मुले आपल्या अंगावर घेतली नव्हती, त्यांचा भार गल्ल्यावरच्या पगारदार माणसाच्या खिशावर पडला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिचफील्ड हायस्कूलमध्ये १५ डॉलरहून अधिक थकबाकी असलेल्या काही विद्यार्थ्यांचे गरम जेवण गल्ल्यावर काढून घेऊन टाकून देण्यात आले आणि त्यांना थंड जेवण देण्यात आले. शाळा-जिल्ह्याने नंतर माफी मागितली. पाणउतारा करू नका असे सांगणारा कायदा तोवर पाच वर्षांचा झाला होता. मग विधिमंडळाने २०२१ मध्ये तो अधिक काटेकोर केला: वाढलेले जेवण परत घेणे, टाकून देणे, थकबाकीदार मुलांची नावे जाहीर करणे, त्यांना शिक्के किंवा चिकटपट्ट्या लावणे, या गोष्टी नावानिशी निषिद्ध ठरवल्या. ‘अपमान करू नये’ असे मोघम लिहिण्यापेक्षा अपमान कसकसा होतो त्याची यादी कायद्यात घालावी लागली, यातून मला तरी एवढे कळते की वसुली आणि वाढप एकाच ठिकाणी असेपर्यंत नुसत्या सद्भावनेच्या कलमावर विसंबता येत नाही.

२०२३: तीन वर्गांचा शेवट

कोविडच्या काळात केंद्राने नियम शिथिल केले आणि जून २०२२ पर्यंत देशभरातल्या शाळांना सर्व मुलांना मोफत जेवण देता आले. ती सूट संपताना अमेरिकी काँग्रेसमध्ये आलेल्या विधेयकात सवलतीच्या वर्गाला निदान एक वर्ष मोफत वर्गात घेण्याची तरतूद होती, पण सेनेटमध्ये ती गळाली. देशभरात त्या शरद ऋतूत पुन्हा अर्ज, पुन्हा खाती आणि पुन्हा उधारी सुरू झाली. मिनेसोटातल्या सवलतीच्या वर्गाला मात्र त्याची झळ लागली नाही, कारण २०१४ चे साडेबावन्न सेंट जागेवर होते. झळ लागली ती त्याच्या वरच्या थराला. दोन वर्षे मोफत जेवलेल्या मुलाचे जेवण पुन्हा विकत झाल्यावर त्या पालकांना जे वाटले, ते राजकीयदृष्ट्या निर्णायक ठरले असे माझे मत आहे. सोय कधी मिळालीच नसती तर तिच्यासाठी एवढी मागणी उठली नसती.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद एकाच पक्षाकडे आले, आणि राज्याच्या तिजोरीत साडेसतरा अब्ज डॉलरची शिल्लक अपेक्षित होती. १७ मार्च २०२३ रोजी गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी मिनीॲपोलिसमधील वेब्स्टर प्राथमिक शाळेत मुलांच्या घोळक्यात बसून सर्वांसाठी मोफत शालेय जेवणाच्या कायद्यावर सही केली. कॅलिफोर्निया, मेन आणि कोलोरॅडो यांच्यानंतर असे करणारे मिनेसोटा हे चौथे राज्य.

खर्चाचे गणित इथे पूर्ण बदलते, आणि दोन निर्णयांची तुलना करणाऱ्याने ते टाळू नये. २०२३-२४ मध्ये केंद्राचा मूळ दर मोफत ताटामागे ४ डॉलर २५ सेंट, सवलतीच्या ताटामागे ३ डॉलर ८५ सेंट आणि पूर्ण किमतीच्या ताटामागे ४० सेंट होता. राज्याने प्रत्येक ताटाला मोफत ताटाचा दर मिळेल अशी हमी दिली. तेव्हा सवलतीच्या मुलामागे राज्याला पूर्वीसारखेच ४० सेंट पडतात, पण पूर्ण किमतीच्या वर्गातील मुलामागे ३ डॉलर ८५ सेंट पडतात, म्हणजे साडेनऊ पटींहून अधिक, आणि या वर्गातील मुले संख्येनेही सर्वाधिक. दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात यासाठी सुमारे ४० कोटी डॉलर धरले होते. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा जास्त मुले जेवू लागली, न्याहारीला तर फारच वाढली, आणि नोव्हेंबर २०२३ च्या अनुमानात आणखी ८ कोटींच्या आसपास भर घालावी लागली. खर्च वाढला म्हणून टीका झाली. मला त्या वाढीतून दुसरे काही दिसते: जी मुले पूर्वी रांगेतच उभी राहत नव्हती ती आता राहू लागली, आणि त्यांची गणना कुठल्याच थकबाकीच्या आकड्यात कधी झालेली नव्हती.

सुबत्ता असलेल्या घरांच्या मुलांना सरकारने का जेवू घालावे, हा आक्षेप मात्र तोलून पाहण्याजोगा आहे. ३ डॉलर ८५ सेंटमधला मोठा वाटा अशा घरांकडे जातो की ज्यांना तो परवडतो, आणि तेवढ्या पैशांत राज्याला गरीब मुलांसाठी आणखी काही करता आले असते, हे खरे आहे. याला माझे उत्तर असे की उत्पन्न विचारायचे ठरवले की अर्ज आला, अर्ज आला की तो न भरणारे आले, आणि गल्ल्यावरचा पडदा परत आला. १८५ टक्क्यांऐवजी ३०० किंवा ४०० टक्क्यांवर रेषा ओढली तरी त्या रेषेपाशी कमी घरे अडतील एवढेच, पण अर्ज सगळ्यांनाच भरावा लागेल. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मुद्दा नवा वाटणार नाही. आपल्याकडे शालेय पोषण आहार योजनेत, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न द्यायला लागल्यापासून, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या कोणत्याही मुलाला उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, आणि पंगतीत कोण कोणत्या वर्गातला हे ताटावरून ओळखू येत नाही. आपली रेषा वेगळ्या जागी आहे. ती शाळेच्या प्रकारावर ओढलेली आहे, आणि विनाअनुदानित शाळेत शिकणारे गरीब मूल तिच्या बाहेर राहते.

मिनेसोटाच्या नव्या कायद्यातही काही गोष्टी विकतच राहिल्या. दिवसाला एक न्याहारी आणि एक जेवण मोफत, पण पोट न भरल्यास दुसऱ्यांदा घेतलेल्या पदार्थाचे पैसे पडतात, आणि घरून डबा आणून फक्त दूध घेणाऱ्या मुलाला त्या दुधाचेही पैसे द्यावे लागतात. त्यामुळे खाती आणि थकबाकी पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत, फक्त मुख्य ताट त्यांच्यापासून सुटले आहे.

अर्जाची दुसरी किंमत

जेवण सगळ्यांना मोफत झाल्यावर पालक अर्ज कशाला भरतील? हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर होता, कारण मिनेसोटात शाळांना मिळणारे ‘भरपाई अनुदान’, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला जाणारा जादा पैसा, मोफत आणि सवलतीच्या वर्गातील मुलांच्या संख्येवर मोजला जात असे. मोफतच्या वर्गातील मूल पूर्ण एक आणि सवलतीच्या वर्गातील मूल अर्धे धरायचे, अशी ती पद्धत. अर्ज कमी आले की कागदोपत्री गरीब मुले कमी होणार आणि वाचनाच्या जादा शिक्षकाचा पगार अडचणीत येणार. म्हणून शाळांना जेवण मोफत असले तरी अर्ज भरा अशी विनवणी पालकांना करावी लागली, आणि विधिमंडळाला हे अनुदान सरकारी याद्यांवरून ठरवण्याकडे वळावे लागले. जेवणाच्या धोरणाची चर्चा करताना हा मुद्दा बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदात येतो. जे राज्य यापुढे असा निर्णय घेईल त्याने हा मुद्दा पहिल्या बैठकीत घ्यावा.

सरकारी याद्यांवर विसंबण्यात दुसरा धोका आहे, आणि तो सध्या समोर उभा आहे. ज्या शाळांत ‘स्नॅप’सारख्या योजनांच्या यादीतून थेट पात्र ठरणारी मुले पुरेशी असतात, तिथे केंद्राच्या सामुदायिक पात्रता तरतुदीखाली संपूर्ण शाळेला मोफत जेवण देता येते. यासाठी लागणारे प्रमाण २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणले गेले, आणि मिनेसोटाच्या कायद्याने पात्र शाळांना या तरतुदीत सामील होणे बंधनकारक केले, जेणेकरून जितका पैसा केंद्राकडून येऊ शकतो तितका आधी आणावा आणि उरलेलाच राज्याने भरावा. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने ‘स्नॅप’ आणि ‘मेडिकेड’ (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) या दोन्ही योजनांत कपात केली आहे. यादीतून वगळलेल्या कुटुंबाने उत्पन्नाचा अर्ज भरला नाही, तर त्याचे मूल मोफत वर्गातून पूर्ण किमतीच्या वर्गात गणले जाईल. मिनेसोटात त्याला रांगेत कोणी अडवणार नाही, त्याचे ताट तसेच राहील, पण त्या ताटाचे जे जवळजवळ चार डॉलर आजवर वॉशिंग्टन देत आले ते राज्याच्या खात्यावर चढतील. ज्या राज्यांनी फक्त सवलतीच्या वर्गाचे ४० सेंट उचलले आहेत, तिथे शाळेने ठरवलेली पूर्ण किंमत त्या मुलाच्या घरी बिल होऊन जाईल.